रिंगखालची पोरगी: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बास्केटबॉल खेळाडूचं प्रकरण

आठवीत तिची उंची पाच फूट सहा इंच होती आणि दहावीत पाच फूट आठ. त्यापुढे ती वाढली नाही. तिच्या खेळाबद्दल आजवर घेतलेला जवळपास प्रत्येक निर्णय या दोन आकड्यांशी येऊन अडला, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. मुलीचं, गावाचं आणि शाळेचं नाव देत नाही. मी त्याच तालुक्यातल्या दुसऱ्या एका शाळेत क्रीडा शिक्षक आहे. जिल्हास्तरीय सामन्यांत तिला पाहिलं आणि पुढे तिच्या वडिलांनी सल्ला विचारला, तेव्हापासून या घराशी माझा संबंध आहे.

घरची पाच एकर कोरडवाहू जमीन. कापूस, त्यात तुरीच्या ओळी, एका तुकड्यात सोयाबीन. वडील पाच फूट अकरा, आई पाच फूट सहा. आमच्या भागात ही उंची उठून दिसते. आईवडिलांच्या उंचीवरून मुलीची उंची अजमावण्याची एक साधी पद्धत आहे: दोघांच्या उंचीची बेरीज करायची, त्यातून 13 सेंटिमीटर वजा करायचे आणि निम्मे करायचे. वडील 180, आई 168. उत्तर येतं 167.5, म्हणजे साडेपाच फूट. खरी उंची यापेक्षा आठ-साडेआठ सेंटिमीटर इकडेतिकडे होऊ शकते. मुलगी 173 वर थांबली. पाळी सुरू झाल्यावर मुलींची उंची फार वाढत नाही, आणि तिची सातवीतच सुरू झाली होती. म्हणजे आठवीतच स्पष्ट होतं की ही मुलगी सहा फुटांची होणार नाही. हा हिशेब कोणी मांडला नव्हता, कारण जिल्ह्यात ती तेव्हाच सगळ्यांपेक्षा उंच होती.

तिच्या शाळेच्या मैदानावर मातीचं कोर्ट आणि गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलेले दोन खांब होते. टेप लावून पाहिला तेव्हा एक रिंग दहा फुटांपेक्षा चांगली वीतभर खाली आणि पुढे झुकलेली निघाली. नियमाने रिंग जमिनीपासून 3.05 मीटरवर हवी. बॉल एकच, रबरी, गुळगुळीत झालेला, तोही पुरुषांचा सात नंबरचा. मुलींचा बॉल सहा नंबरचा असतो, घेराने आणि वजनाने कमी. मोठ्या जड बॉलनं लहान पोरगी शिकली की तो कमरेपासून दोन्ही हातांनी ढकलते. तिची शूटिंग तशीच घडली होती.

जिल्हा जिंकण्याची रीत

आमच्याकडे मुलींच्या बास्केटबॉलला तालुका पातळीवर संघच नसतात, थेट जिल्ह्याला जायचं. तिथेही मोजक्या शाळा येतात. अशा ठिकाणी जिंकण्याची रीत ठरलेली: सगळ्यात उंच पोरीला रिंगखाली, पोस्टवर उभं करायचं, बाकीच्या चौघींनी वरून पास द्यायचा, तिनं पकडायचा, वळायचं आणि टाकायचा. चुकला तर रिबाउंड, म्हणजे रिंगवरून परत आलेला बॉल, तिचाच. नववीत तिचा संघ याच बळावर जिल्ह्यात पहिला आला आणि अमरावती विभागाच्या स्पर्धेला गेला.

विभागात अमरावती आणि अकोल्याच्या शहरी मुलींशी गाठ पडली. समोरची सेंटर, म्हणजे रिंगखाली खेळणारी मुलगी, तिच्याहून उंच नव्हती, पण अंगानं भक्कम होती आणि पाठ लावून तिला रिंगपासून दूर ढकलत होती. आमची मुलगी बाहेर आली की तिच्या हातात काहीच उरत नव्हतं. उजव्या हातानं दोन ड्रिबल, म्हणजे बॉल दोनदा आपटत नेणं, मग बॉल दोन्ही हातांत, मग ट्रॅव्हलिंग, म्हणजे बॉल न आपटता जास्त पावलं टाकल्याचा फाउल. डावा हात तर जणू नव्हताच. सामना एकतर्फी हरला. पण बचावात मात्र तिचे पाय झरझर हलत होते. समोरचीच्या कमरेवर नजर ठेवून ती सरकत होती, आणि एवढ्या उंचीच्या मुलीत ते मी क्वचित पाहिलं आहे.

या प्रकरणाचा गाभा मला इथे दिसतो. पाच फूट आठ इंचाची मुलगी जिल्ह्यात सेंटर असते, राज्यात फॉरवर्ड, म्हणजे कडेनं रिंगकडे खेळणारी, असते आणि देशात गार्ड, म्हणजे बाहेर राहून बॉल पुढे आणणारी. ज्या जागेवर उभी राहून ती पंधराव्या वर्षी सामने जिंकून देते, त्या जागेवर बाविसाव्या वर्षी तिला कोणी घेणार नाही. आणि बाविसाव्या वर्षी जी जागा लागणार, तिचं कौशल्य शिकायचं वय मात्र पंधरावंच. शाळेचा फायदा आणि मुलीचा फायदा इथे सरळ एकमेकांविरुद्ध उभे राहतात. तिच्या शाळेतल्या सरांना मी दोष देत नाही. त्यांच्यावर बारा मुलींची जबाबदारी होती. जिल्ह्यातून पुढे गेल्यावर क्रीडा सवलतीचे गुण मिळतात, शाळेचं नाव होतं, मुख्याध्यापक पुढच्या वर्षी बसभाड्याला नाही म्हणत नाहीत. एकीच्या पुढच्या आयुष्यासाठी अकरा जणींचं आजचं पणाला लावा, असं कोणत्याही शिक्षकाला सहज सांगता येत नाही.

वडिलांचा प्रश्न

विभागातून परत आल्यावर वडील शाळेत भेटायला आले. वावरातून थेट आले होते. म्हणाले, "सर, पोरगी खेयते त मले खुशीच हाय. पन यातून तिले नोकरी लागन काय, तेवढं सांगा."

कोणी तरी त्यांना मोबाइलवर सतनामसिंग भामराची गोष्ट दाखवली होती. पंजाबातल्या बल्लो के या छोट्या गावातल्या शेतकऱ्याचा मुलगा, सात फूट दोन इंच. 2015 मध्ये डॅलस मॅव्हरिक्सनं त्याला एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या बास्केटबॉल लीगच्या, ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात त्या फेरीत) 52व्या क्रमांकावर निवडलं. ड्राफ्टमधून निवडला गेलेला तो पहिला भारतीय. गोष्ट खरी आहे आणि मोठी आहे. पण मी वडिलांना तिची उरलेली बाजूही सांगितली. सतनाम लहान वयातच गाव सोडून लुधियानाच्या निवासी अकादमीत गेला आणि 2010 मध्ये, चौदाव्या वर्षी, अमेरिकेतल्या फ्लोरिडातल्या आयएमजी अकादमीत. एवढं होऊनही एनबीएच्या मुख्य हंगामातला एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. मुलींमध्ये केरळची गीतू अॅना जोस, सहा फुटांहून उंच, ऑस्ट्रेलियात रिंगवूड हॉक्सकडून खेळली आणि 2011 मध्ये डब्ल्यूएनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या महिला लीगच्या, संघांच्या चाचण्यांपर्यंत पोचली. तिचं घर मात्र चाललं ते दक्षिण रेल्वेच्या नोकरीवर.

भारतातल्या व्यावसायिक बास्केटबॉलचं खरं रूप हेच आहे. वर्षभर पगार देणारी लीग आपल्याकडे रुजलेली नाही. यूबीए लीग 2015 मध्ये आली आणि 2017 नंतर थांबली. 2022 मध्ये इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीग सुरू झाली, पण लीगचा हंगाम काही आठवड्यांचा, आणि काही आठवड्यांवर घर चालत नाही. चांगले खेळाडू पोट भरतात ते रेल्वे, सैन्यदल, ओएनजीसी, आयकर, इंडियन ओव्हरसीज बँक, केरळ राज्य वीज मंडळ, निरनिराळी पोलीस दलं अशा ठिकाणी. सकाळ-संध्याकाळ सराव, मध्ये कार्यालय, हंगामात स्पर्धांसाठी रजा. मुलींसाठी यातलं सगळ्यात मोठं दार रेल्वेचं, आणि राष्ट्रीय स्पर्धांत रेल्वेचा महिला संघ वर्षानुवर्षं सगळ्यात बलवान राहिला आहे.

मग आम्ही उलटा हिशेब केला, नोकरीपासून मागे. रेल्वेच्या खुल्या क्रीडा भरतीला वय 18 ते 25, सवलत नाही. शंभरातले 50 गुण मान्यताप्राप्त स्पर्धांतल्या कामगिरीला, 40 मैदानावरच्या चाचणीला, 10 शिक्षणाला. बारावी झालेल्यांना पगाराची लेव्हल 2 किंवा 3, पदवीधरांना लेव्हल 4 किंवा 5. मूळ पगार लेव्हल 2 ला 19,900 रुपये, लेव्हल 5 ला 29,200. कापसाच्या भावावर जगणाऱ्या घराला या आकड्यांचं वजन सांगावं लागत नाही. आणखी एक गोष्ट त्यांना माहीत नव्हती. अशा जाहिरातींत कित्येकदा नुसतं 'बास्केटबॉल, महिला' एवढंच नसतं, जागाही दिलेली असते: गार्ड, फॉरवर्ड, सेंटर. सेंटरच्या जागेसाठी चाचणीला येणाऱ्या मुली सहा फुटांच्या असतात.

वडील बराच वेळ कागदाकडे पाहत बसले. मग विचारलं, "मंग तिले आता काय शिकवाव?"

मी म्हणालो: बॉल पुढे आणणं, दोन्ही हात, आणि बाहेरून शूटिंग. तीन गुणांची रेषा 6.75 मीटरवर असते. तिथून टाकणारी, बॉल सांभाळणारी आणि उंच गार्डला रोखणारी पाच फूट आठची मुलगी कोणत्याही संघाला हवी असते.

घरातली चर्चा

तीन वाटा समोर होत्या. दहावीच्या आधीच नागपूरला पाठवायचं. निवासी क्रीडा केंद्राच्या निवड चाचणीला बसवायचं. किंवा दहावीपर्यंत गावात ठेवून तिची खेळण्याची जागा बदलायची आणि मग शहर.

केवळ बास्केटबॉलचा विचार केला तर नागपूर उत्तम होतं, आजही मला तसंच वाटतं. शिवाजीनगर जिमखान्यासारखे जुने क्लब, संध्याकाळी दिव्याखाली खेळणारी पोरं-पोरी, सतत सामने. पण आईनं एका वाक्यात विषय संपवला: "नागपूरले आपलं कोन हाय? अमरावतीले माहा भाऊ हाय, दहावी झाल्यावर तिथं ठेवा." काही नातेवाइकांना आईचा हा आग्रह मागासलेला वाटला. मला तो शहाणपणाचा वाटला. वसतिगृहात जेवण न झेपल्यानं, आजारपणात कोणी नसल्यानं आणि एकटेपणानं परत आलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. संध्याकाळी सरावाहून आल्यावर मामीच्या हातची गरम भाकरी मिळणं हा प्रशिक्षणाचाच भाग आहे.

निवासी केंद्राची चाचणी तिनं दिली, निवड झाली नाही. धावणं आणि उड्या चांगल्या होत्या, खेळाचं कौशल्य कमी पडलं.

राहिली तिसरी वाट, आणि तिच्यासाठी शाळेतल्या सरांना पटवणं आलं. ते माझ्याकडे दोनदा रागावून बोलले. शेवटी ठरलं असं की सामन्याच्या चारपैकी पहिल्या दोन क्वार्टरमध्ये ती बाहेर खेळेल, बॉल आणेल, चुका करेल. नंतर गरज पडली तर रिंगखाली जाईल. दहावीच्या वर्षी त्यांचा संघ जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात हरला. पूर्वार्धात तिच्या हातून इतके बॉल गेले की दुसऱ्या सत्रात अंतर भरून निघालं नाही. मैदानाच्या कडेला मैत्रिणी तिच्याशी बोलत नव्हत्या. त्या सगळ्या काळात ती मला एकच तक्रार सांगायची: "सर, मी बॉल घेऊन गेली का पोरी म्हणतात, तू खाली जाय ना, हे तुह्यं काम नाही."

हा पराभव या प्रकरणातला सगळ्यात महागडा टप्पा होता. त्याची किंमत तिनं एकटीनं मोजली नाही, इतर मुलींनीही मोजली. त्या मुलींना नंतर भेटून मी कारण समजावलं. दोघींना पटलं, बाकीच्यांना नाही.

सराव, रक्त आणि गुडघे

रिंग सरळ करून दहा फुटांवर बसवली ती गावातल्याच वेल्डिंगवाल्यानं, पैसे न घेता. सहा नंबरचा बॉल वडिलांनी कापूस विकल्यावर आणला. ड्रिबलसाठी मातीचं मैदान निरुपयोगी, बॉल नीट उसळत नाही. ग्रामपंचायतीचा सिमेंट रस्ता पहाटे रिकामा असतो, तिथे ती डाव्या हातानं बॉल आपटत जायची. सुरुवातीला लोक दारात उभे राहून पाहायचे. शूटिंग रिंगच्या अगदी जवळून, एका हातानं, मनगट पूर्ण वाकवून. तिथून जमल्याशिवाय पाऊल मागे नाही. रेषेपर्यंत जायला दीड वर्ष लागलं. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या वर जातो, तेव्हा साडेपाच ते साडेसात एवढाच सराव. दिवाळीच्या सुट्टीत तर वेचणी. दिवसभर वाकून कापूस वेचल्यावर पाठ आणि मांड्या भरून येतात, त्या दिवसांत फक्त हलकं ताणणं ठेवलं. आई म्हणाली होती तिला वावरातून सुट्टी देते, पण मजूर मिळत नसताना ती मुलगीच थांबली नाही.

या काळात एक गोष्ट उशिरा लक्षात आली ती तिच्या दमण्यावरून. तिसऱ्या क्वार्टरनंतर तिचे पाय जड व्हायचे. सगळ्यांना स्टॅमिना कमी वाटला. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 9.8. स्त्रियांमध्ये 12 च्या खाली म्हणजे रक्तक्षय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या, तेव्हा गावातल्या खेळाडू मुलीचं रक्त पहिल्याच आठवड्यात तपासायला हवं. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी ती मळमळतं म्हणून टाकून देत होती. डॉक्टरांनी उपचाराचा डोस सुरू केला, गोळी जेवणानंतर आणि चहापासून लांब घ्यायला सांगितली. घरात अंडी, हरभरा, शेंगदाणे, लिंबू वाढलं. काही महिन्यांत चौथा क्वार्टर ती पहिल्यासारखाच खेळू लागली. तिला पळवून पळवून दमवलं असतं तर ती खेळच सोडून बसली असती.

दुसरी काळजी गुडघ्यांची. उडी मारून उतरताना मुलींचे गुडघे आत झुकतात आणि गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध फाटण्याचा धोका मुलांपेक्षा मुलींना बराच जास्त असतो. खेड्यातल्या मुलीचा एसीएल फाटला तर शस्त्रक्रिया आणि पुढचे महिने कोण पेलणार? म्हणून रोजच्या सरावाआधी उतरण्याचा सराव: दोन्ही पायांवर, गुडघे बोटांच्या रेषेत, आवाज न करता. याला वेळ दहा मिनिटं लागतो आणि पैसा काही नाही.

अमरावती

अकरावीला ती मामाकडे गेली. अमरावतीत 1914 पासूनचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. शहराला व्यायामाची आणि मैदानाची सवय आहे, मुलगी हाफ पँटवर खेळली म्हणून कोणी थांबून पाहत नाही. पहिलं वर्ष ती बहुतेक वेळ बाकावर होती. फरक पडला तो सामन्यांनी. रोज संध्याकाळी मुलांबरोबर, थोरल्या खेळाडूंबरोबर, पाच-पाच जणांचा खेळ. गावात तिला वर्षाकाठी हातावर मोजण्याइतके खरे सामने मिळायचे, तेवढे इथे पंधरवड्यात. विदर्भातल्या खेड्यातली मुलगी मागे पडते ती बहुधा याच जागी. घरून उंची मिळते, शेतातून चिकाटी मिळते, पण निर्णय घ्यायला शिकवणारे सामने मिळत नाहीत. समोरून दोघी धावून आल्यावर पास कुठे द्यायचा हे सिमेंटच्या रस्त्यावर एकट्यानं कळत नाही.

इथे तिला दुसरी शिडीही कळली. गावात फक्त शालेय स्पर्धांची शिडी दिसते: जिल्हा, विभाग, राज्य. त्याला समांतर बास्केटबॉल संघटनेच्या अजिंक्यपद स्पर्धा असतात, वयोगटाच्या आणि वरिष्ठ. राज्याचा संघ तिथून निवडला जातो आणि रेल्वेसारख्या भरतीत मुख्य वजन त्या राष्ट्रीय स्पर्धांना आणि आंतरविद्यापीठ स्पर्धांना असतं. महाराष्ट्रात जिल्हे 36, संघात जागा 12. त्यात पुणे, मुंबई आणि नागपूरच्या मुली लहानपणापासून क्लबात वाढलेल्या. भारताच्या महिला संघाची कर्णधार राहिलेली शिरीन लिमये पुण्याचीच. कनिष्ठ गटात आमची मुलगी राज्याच्या सराव शिबिरापर्यंत पोचली, अंतिम बारांत आली नाही. निवड न झाल्याचं कारण प्रशिक्षकांनी तिला स्वच्छ सांगितलं: दबाव आला की ती अजूनही पाठ वळवते. ती रिंगखालची जुनी सवय.

आज

आज ती पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विसाव्या वर्षात. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या संघातून विंगवर, म्हणजे बाहेर कडेला, खेळते, पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळली आहे. तिथून पहिले चार संघ अखिल भारतीय फेरीला जातात. यांचा संघ त्यात आला नाही. म्हणजे त्या 50 गुणांच्या रकान्यात लिहिण्याजोगं अजून फारसं नाही. 40 गुणांच्या चाचणीत ती आज कोणासमोरही उभी राहू शकते, असं माझं मत आहे.

मागच्या दिवाळीत आम्ही सगळे पुन्हा त्यांच्या ओसरीवर बसलो. ठरलं ते असं: पंचविशीपर्यंतचे हंगाम पूर्ण ताकदीनं द्यायचे, पण एकाच दारावर नाही. जिल्ह्याकडून वरिष्ठ राज्य अजिंक्यपद आणि विद्यापीठ, दोन्ही सुरू. पदवी पूर्ण करायचीच, कारण वरची लेव्हल तिच्यामुळेच मिळते. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. त्यासाठी प्रमाणपत्रांची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून आधीच करून घ्यायची, जाहिरात निघाल्यावर धावपळ नको. पोलीस भरतीचा अर्जही करायचा. आणि पंचाची परीक्षा याच वर्षी द्यायची. जिल्ह्यात मुलींच्या सामन्यांना शिट्टी वाजवणारी बाई आम्हाला हवीच आहे.

लग्नाचा विषय मामांनी काढला. वडील म्हणाले, "पंचविशीपर्यंत थांबू. थे तिनंच सांगतलं हाय." आईनं काही आक्षेप घेतला नाही, फक्त विचारलं की मे महिन्यात पोरगी घरी येणार का. मुलगी म्हणाली येईन, पण पहिले दहा दिवस शिबिर आहे, त्यानंतर.